गोणी ओढ्यात धुवायची नाही

आई, ओढ्यात मासे आलेत. आधी हे सांगून टाकते, बाकीचं मग.

कांदा लावून झाला की तुम्ही सगळ्या बाया युरियाच्या रिकाम्या गोण्या ओढ्याच्या डोहात धुवायचात. वाळवायच्या, उसवायच्या, एकमेकींना शिवायच्या, की झालं अंथरूण धान्य वाळवायला. मला अजून दिसतं, तू गोणी आपटतेयस, मी पाण्यात पाय सोडून बसलेय, उरलेले पांढरे दाणे विरघळत चाललेत. पुढे नाशिकला कॉलेजात गेले आणि सुट्टीत येऊन तुलाच शिकवायला लागले. खत पाण्यात गेलं की शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातली हवा खातं, मासे गुदमरतात. तू गोणी पिळत म्हणालीस, "पिकाला चालतं ते माशाला नाय चालत व्हय? लय नाजूक बाई तुझे मासे!" बाया खदाखदा हसल्या. मीपण हसले, काय करणार. पण डोह हिरवागार झाला, आणि एका सकाळी मासे धरायला गेलेली तू रिकामी टोपली घेऊन घरी आलीस. त्या दिवशी पिठलं टाकलंस.

तू देवाघरी गेल्यावर मी अण्णांच्या मागे लागले. कारण गोण्यांचं थोडंच, खरं खत आपल्याच वावरातून वाहून यायचं. हातानं फेकायचं आणि वरून पाटाचं पाणी सोडायचं. म्हटलं, थोडं थोडं द्या, ठिबकमधून. बांधाला गवत राहू द्या, वाहतं खत अडतं.

अण्णा बापाच्या तोऱ्यात म्हणाले, "मी खत टाकतोय तवा तू जन्मली नव्हती. कांदा बारीक निघाला तर मार्केटात तू उभी राहायची!"

"राहते."

कांदा चांगला निघाला. अण्णांनी कबूल केलं नाही, पण शेजारच्या वावरात जाऊन ठिबकवर भाषण ठोकून आले. मग शेजाऱ्यांनीही गवत राखलं. बाया आता गोण्या शेतातच धुतात, ते पाणी झाडांना.

आणि गेल्या आठवड्यात अण्णा ओढ्याकडून पळत आले. पळत, आई! ते गुडघे घेऊन! "पोरी, मासे! हातभर हायत!"

"हातभर?"

"बरं, बोटभर. पण हायत ना!"

यंदा कुणी धरायचे नाहीत, वाढू द्यायचे, असं मी गावभर बजावून आले. आणि काल मीच चार धरले. लसूण, मिरची, कालवण. अण्णा ताट पुसून म्हणाले, "तुझ्या आईपेक्षा भारी." मी लगेच हो म्हणाले. हे तुला कळलं तर माझं काही खरं नाही, म्हणून पत्र तुझ्या फोटोला न वाचून दाखवताच ठेवून देते.