सकाळची शिफ्ट

६ मार्च, सोमवार
सैनीला कप्तानपद देऊ केलंय! माझी बायको — सावूसावू बंदराला जाणाऱ्या जहाजाची कप्तान! त्यांच्या कंपनीत आजवर एकही बाई कप्तान झाली नाही. अकरा वर्षं तिने तिथे दोर ओढले, टोमणे ऐकले. आमच्या लेकीने, विकाने, सगळ्या शेजाऱ्यांना ओरडून सांगितलं.

जेवताना सैनी म्हणाली, "आठवड्यात तीन रात्री बाहेर राहावं लागेल. तुला कायमची सकाळची शिफ्ट मिळाली तर जमेल. नाहीतर तू संध्याकाळी गोदीच्या यार्डात, मी समुद्रावर — पोरांना कोण बघणार? तुमच्या फोरमनला विचारशील ना?"

"उद्याच!"

७ मार्च
विचारलं नाही.

९ मार्च, गुरुवार
फोरमन विरेनभाई खोलीत एकटेच होते. तोंड उघडलं — आणि वेल्डिंगच्या कांड्या मागितल्या. कांड्या!

सुटल्यावर सगळ्यांबरोबर यंगोना, आमचं ते मुळांचं नशेचं पेय, प्यायला बसलो. अंदाज घ्यावा म्हणून माझ्याबरोबर काम करणाऱ्या एपेलीला सांगितलं. तो वाटी खाली ठेवून हसतच सुटला. "बायको जहाज हाकणार, आणि तू घरी वेण्या घालणार? मग तिचा झगाही घाल की!" सगळे हसले. मीही हसलो. तेच सलतंय.

१३ मार्च, सोमवार
खोटं बोललो.

सैनी कसावाचे कंद सोलत होती. "काय म्हणाले विरेनभाई?"

"नाही म्हणाले."

"बरं." हात थांबला नाही तिचा.

शुक्रवारपर्यंत तिला उत्तर द्यायचंय. म्हणजे अजून चार दिवस आहेत. चाळीस फुटांवर लटकून जोडकाम करतो मी, आणि एक वाक्य बोलवत नाही!

१६ मार्च
दारापर्यंत गेलो. आत कुणीतरी होतं. परत आलो. खरं तर कुणी नव्हतं.

१७ मार्च, शुक्रवार
सैनीने नकार कळवला. पद तिच्या हाताखालच्या माणसाला गेलं. विका रडली. सैनी नाही.

१९ मार्च, रविवार
चर्चमधून येताना राहवलं नाही. सगळं कबूल केलं.

सैनी चालतच राहिली. "माहीत आहे. मंगळवारी विरेनभाई बाजारात भेटले. मीच विषय काढला. म्हणाले, 'शिफ्टचं काय एवढं, देऊ की! पण तो बोललाच नाही मला.'"

"मग नकार का दिलास?"

"ज्याला नुसतं विचारायची लाज वाटते, त्याच्यावर तीन रात्री पोरं कशी टाकून जाऊ?"