कमूचे हात

११ नोव्हें. ८६, मंगळ. पालघर.
कमूने नाकातली नळी पुन्हा उपसली. तिसऱ्यांदा. सिस्टरने तिचे हात पट्टीने कॉटला बांधले होते. सकाळी पट्टी सुटलेली, घडी करून उशीखाली. सिस्टरचा संशय माझ्यावर. ‘भाऊ, खरं सांगा, तुम्हीच सोडली ना?’ म्हटलं, दांडीच्या कोळ्यांची पोर आहे, जाळ्याची गाठ दातांनी सोडते. बाबांनी शिकवलेलं तेवढं पक्कं. बहीण बेचाळीसची झाली, समज अजून पाच वर्षांच्या मुलीची. दहापर्यंत आकडे येत नाहीत.

१२, बुध.
डॉक्टर स्पष्ट बोलले. घास फुप्फुसात उतरतो. नळी ठेवली तर कदाचित काही महिने, पण हात कायम बांधून. नाहीतर घरी न्या, तोंडाने जाईल तेवढं द्या. ठसका लागेल, ताप येईल, मग... वाक्य पुरं केलं नाही. सही माझी, थोरला म्हणून.
दुपारी पेपरच्या ऑफिसात अंकाची पानं लावली. वेळेत.

१३, गुरु.
धाकटा भाऊ दत्तू बंदरात बोट लावून थेट आला. कमू खूश. धाकट्याचा सदरा हुंगत बसली. बाहेर आल्यावर तो माझ्यावर घसरला. ‘दादा, बांध ना हात! जगंल तरी. तुमा पेपरवाल्यांचं बरं हाय, ओळ खोडली का झालं.’
मग स्वतःच पट्टी घेऊन गेला. कमूने दोन्ही हात पुढे केले, हसत. खेळ वाटला तिला. जन्मभर गाठी मारणारा माणूस, पट्टी हातात धरून नुसता उभा. ‘माज्यानं नाय होत,’ म्हणाला नि कँटीनला गेला.

१४, शुक्र.
आठवलं. आई सुकट वाळत घालायला किनाऱ्यावर जाताना कमूचं मनगट दोरीने माझ्या मनगटाला बांधायची, भरतीत शिरू नये म्हणून. मी हिसके द्यायचो. कमूला कुठलीही गाठ सुटे. ती मात्र एकदाही सोडली नाही.
‘कमू, नळी घालू परत?’ हात चादरीखाली लपवले.
‘घरी जायचं?’
‘बोंबील?’ तिने विचारलं.
‘पेज.’
‘पेज नको.’

१५, शनि.
सही केली. अक्षर बरं आलं.

१६, रवि. दांडी.
टेंपोतून आणली. वाटभर ड्रायव्हरला हात करत होती.
दुपारी बोंबलाचं पातळ कालवण. दोन चमचे नीट गेले. तिसऱ्याला ठसका, डोळे पांढरे. दत्तू पाठ चोळत होता, माझ्याकडे बघत नव्हता. बऱ्याच वेळाने श्वास ताळ्यावर आला. तोंड पुसलं तर म्हणते, ‘आजून.’
चमचा माझ्या हातात. दत्तूकडे पाहिलं.
‘अर्धाच दे,’ म्हणाला.
दिला. गिळला. आता माझं डावं मनगट धरून पडलीय, वही मांडीवर ठेवून उजव्या हाताने लिहितोय. तिचा तळवा गरम लागतो. दत्तू म्हणतो, ‘उनात बसलेली ना मघाशी.’