मांडीवरचं कासव

डहाणू,
२ मार्च २०१७

चि. जतीन यास ताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

फोनऐवजी पत्र लिहिते, कारण फोनवर बोलायला लागले की हे कान देऊन ऐकत असतात. दिवाळीत यांचं उजवं अंग गेलं ते अजून तसंच आहे. बोलणंही एक-दोन शब्दांपुरतं. मी आणि कामाला येणारी सोनीबाई मिळून यांना उठवतो, आंघोळ घालतो, कूस बदलतो. संध्याकाळी कंबर माझी राहत नाही.

विचारायचं ते वेगळंच. वलसाडच्या चिकू-व्यापाऱ्याने दहा वर्षांपूर्वी दिलेलं ते चांदण्या-चांदण्यांच्या पाठीचं कासव पूर्वी वाडीत मोकळं फिरायचं. आता दिवसभर यांच्या मांडीवर. डाव्या हाताने त्याची पाठ पुसत बसतात, तेवढाच यांचा विरंगुळा. पण आठवडा झाला, त्याने जास्वंदीच्या पानालाही तोंड लावलेलं नाही. उचललं की मान आत घेतं आणि लुंगी ओली करतं. मी दिवसातून तीनदा लुंगी बदलते. हाताळल्याने त्याला त्रास होतो का रे? काढून घ्यावं तर यांच्याजवळ उरतं काय, म्हणून हात धजत नाही.

तब्येत सांभाळ. लोभ आहेच, तो कागदावरही दिसू दे.
तुझी,
बकुळाताई

तलासरी,
६ मार्च २०१७

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

मी गाईम्हशींचा डॉक्टर. कासवाला सुई कुठे टोचायची हेही मला ठाऊक नाही, हसू नकोस. म्हणून कासवांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, उचलल्यावर ओलं करतं ते भीतीने. ते पाणी त्याने अंगात साठवलेलं असतं. उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा गेलं तर जिवावर बेततं. पाठ दगडासारखी दिसली तरी तिला स्पर्श कळतो. जमिनीवरून अचानक उचललं की त्याला वाटतं, कुणीतरी खायला धरलं. मान आत घेऊन गप्प राहतं, त्याला आपण झोप समजतो. गरजेशिवाय उचलू नका, असा त्यांचा निरोप आहे.

आणखी एक. हे कासव घरात ठेवणं कायद्यात बसत नाही. डॉक्टरबाई वनखात्याला कळवून ते रीतसर घेऊन जातील. भावोजींना कसं सांगायचं, ते तूच ठरव. मला तर सुचत नाही.

भावोजींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
जतीन

डहाणू,
२१ मार्च २०१७

चि. जतीन यास अनेक आशीर्वाद वि. वि.

होळीला पुरण घातलं नाही. तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं, एक ओळ गाळली नाही. दोन दिवस यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, जेवणही अर्धंच. पण कासव मांडीवर मागितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सोनीबाईने आणि मी नेहमीसारखे यांच्या काखेत हात घातले. यांनी डाव्या हाताने माझा हात ढकलला. बराच वेळ तोंड हललं आणि मग म्हणाले, “आधी... सांग.”

जतीन, चार महिने मी यांना पोत्यासारखं उचलते आहे. दर वेळी हे डोळे मिटायचे, मला वाटायचं झोप आहे. सोनीबाई बाहेर गेली. मी खाटेच्या कडेला बसून राहिले. रडलेही असेन.

आता आधी सांगते, मग हात लावते. दुप्पट वेळ लागतो. पण हे स्वतः डाव्या हाताने खाटेची कड धरतात, तेवढा भार माझ्यावरून उतरतो.

कासव चिकूखाली असतं. गेल्या शुक्रवारी त्याने जास्वंदीची दोन पानं खाल्ली. हे खुर्चीतून बघत होते. संध्याकाळी मी विचारलं, देऊन टाकू या का? यांनी होकाराची मान हलवली. मग तोंड फिरवून घेतलं.

रविवारी डॉक्टरबाईंना घेऊन ये. आणि आलास की दोन दिवस राहा. यांच्याजवळ तू बस. मला एकदा पोटभर झोपायचं आहे.

वाट पाहते.
तुझी,
बकुळाताई