मदरबोर्डला हळद लागली त्याची हकिकत

मु. पो. मलकापूर, ता. कराड
२ नोव्हेंबर १९९८

सांगलीच्या हळदपेठेतले मानकरी आणि आमचे सज्जन व्याही श्री. नानासो यांस मलकापूरहून हंबीररावचा हात जोडून नमस्कार. विहीणबाईंना मनुबाईचा नमस्कार निराळा सांगावा. माझ्या नमस्कारात घातलेला तिला चालत नाही.

आपला गुडघा कसा आहे? दिवसभर पोत्यांवर मांडी घालून बसणाऱ्यानं गुडघ्याला जपावं. (मी रोज तिळाचं तेल चोळतो. गुण काही नाही, पण चोळल्याचं समाधान मिळतं.) मनुबाईची कंबर बरी आहे. आमच्या धैर्यशीलचं जोधपूरहून पत्र आलं, दोन स्वेटर मागवलेत. म्हैस व्याली, रेडकू चांगलं आहे. सूनबाई चि. सौ. शिवांजली दिवाळीला आपल्याकडं गेली, ती भाऊबीज होऊन दहा-बारा दिवस झाले तरी तिथंच आहे आणि तिथल्या कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला जाते, असं तिनं मनुबाईला कळवलं. (मला नाही कळवलं.) माझी काही तक्रार नाही. तिला परत पाठवा असं म्हणायलाही मी हे पत्र लिहीत नाही. फक्त ती तिथं का गेली याची तिच्याकडची हकिकत आपण ऐकलीच असेल, तर माझ्याकडचीही कानावर असावी, एवढाच हेतू आहे.

तर धैर्यशील सुट्टीवर आला तेव्हा त्यानं कॉम्प्युटर आणला. नवरा सीमेवर, इकडं बायको एम. कॉम. होऊन भाकरी थापते, हे त्याला बघवेना. मला वाटलं, शोभेची वस्तू आहे, कपाटाशेजारी राहील. पण शिवांजलीनं दोन महिन्यांत हायस्कूलचं टायपिंगचं काम मिळवलं आणि सहामाही परीक्षेचे सगळे पेपर आमच्या माडीवर तयार होऊ लागले. हेडमास्तर आकाराम सर रोज चहाला यायला लागले. (चहा दोन कप, साखर तीन चमचे. पेपर कुठवर आले ते विचारायचं निमित्त.) सूनबाईच्या नावावर सर मला 'साहेब' म्हणायला लागले होते, हे खोटं कशाला सांगू?

मग आली खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी सगळ्या हत्यारांची पूजा होते हे आपणास माहीत आहेच. मी लष्करात अठरा वर्षं मोटारगाड्यांच्या वर्कशॉपात काढली, पुढं ढेबेवाडी रस्त्याच्या खोलीत ऑइल इंजिनं दुरुस्त केली, आणि माझा एक नेम आहे. बंद इंजिनाची पूजा मी कधी केली नाही. बंद इंजिनाची पूजा म्हणजे झोपलेल्या पाहुण्याला ओवाळणं. तेव्हा शिवांजली खाली पुरणाच्या गडबडीत असताना मी माडीवर गेलो. कॉम्प्युटर चालूच होता, आणि उकाड्यामुळं तिनं खोक्याचं झाकणही काढून ठेवलं होतं. म्हटलं, चला, आतल्या देवाचं थेट दर्शन! फूल वाहिलं, उदबत्ती ओवाळली, आणि पालीच्या खंडोबाला भंडारा उधळतात तशी मूठभर हळद उधळली. आत एक छोटा पंखा गरगरत होता, त्यानं ती सगळी प्रसादासारखी घेतली. (हळद आपल्याकडचीच होती. रंगाला अव्वल. आपल्या मालाला मी बोल लावणार नाही.)

तिसऱ्या दिवसापासून यंत्रातून घरघर सुरू झाली. आधी बारीक, मग ऊस भरलेल्या ट्रॅक्टरला घाट लागावा तशी. म्हैस दावणीला कान टवकारून उभी राहायची. आता इथं मी मेकॅनिक माणूस. आयुष्यात जे जे वाजलं त्याला मी तेल घातलं आणि ते ते गप्प झालं. तेव्हा शिवांजली देवळात गेलेली बघून शिलाई मशीनच्या तेलाची बुधली मी त्या पंख्यात चांगली दोनदा दाबली. हळद आणि तेल एकत्र आलं की काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मदरबोर्ड म्हणजे यंत्राचा मुख्य पत्रा, त्यावर त्याची सगळी अक्कल बसवलेली असते. त्या मदरबोर्डला उटणं लागलं. मुंडावळ्या तेवढ्या बांधायच्या राहिल्या.

आता आवाज दुप्पट झाला, आणि यंत्र तापून मधेच बंद पडू लागलं. नववीचा बीजगणिताचा पेपर तिसऱ्या प्रश्नावर अडकला. परीक्षेला पाच दिवस उरलेले. आकाराम सरांनी चहा सोडला आणि नुसते ओसरीवर येऊन बसायला लागले, गावातली सगळी नववी मात्र आनंदात होती.

नानासो, पुढचं सांगताना मला आजही नवल वाटतं. आपल्या लेकीनं आरडाओरडा केला नाही. यंत्र चालू ठेवून तिनं पेन्सिल घेतली आणि तिच्या मागच्या रबरानं त्या छोट्या पंख्याचा मधला गोल क्षणभर दाबला. आवाज थांबला. पेन्सिल काढली, पुन्हा सुरू. मागच्या मोठ्या पंख्याचा दोष नव्हता, याचाच होता. इंजिनाचा कुठला भाग वाजतो ते शोधायला मी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावतो, ती विद्या मला चार वर्षं उस्तादाच्या शिव्या खाऊन आली. हिनं पेन्सिलीत काम केलं! मग वीज बंद केली, प्लग काढला, पंखा त्याच्या खालच्या, उष्णता ओढून घेणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या दातऱ्यांसकट उचलला, बोट फिरवलं आणि ते नाकाला लावलं. एकदा माझ्याकडं बघितलं. मग पदर सावरून पुन्हा कामाला लागली. बोलली असती तर बरं झालं असतं, मीही ओरडून मोकळा तरी झालो असतो.

दुसऱ्या दिवशी तो हळदुला पंखा रुमालात बांधून आम्ही दोघं एस. टी.नं सांगलीला आलो. (आपल्याकडं न येता परतलो त्याबद्दल क्षमा असावी. आपल्या हळदीचं काय झालं ते रुमालात होतं, कुठल्या तोंडानं येणार?) शिवांजली आता कामाला जाते त्याच दुकानात कपिल म्हणून पंचविशीतला गडी होता, स्वभावानं सरळ. म्हणाला, मशीन इथं आणून ठेवा, आठ दिवसांनी घेऊन जा. शिवांजलीनं पिशवीतून कंपासपेटीतली पट्टी काढली, जुन्या पंख्याची रुंदी मोजली, भोकांमधलं अंतर मोजलं, वायरीच्या टोकाची जात बघितली आणि त्याच्या खणातले सात पंखे बाजूला सारून आठवा उचलला. दातऱ्यांतली हळद ब्रशनं साफ केली, चार स्क्रू काढले, चार स्क्रू बसवले, वारा खाली जातो की वर ते कागदाचा कपटा धरून बघितलं. गिऱ्हाइकं बघत उभी राहिली. कपिलनं विचारलं, "वैनी, हे कुठं शिकला?" ती म्हणाली, "आमचं मामा इंजिन खोलत्यात, ते मी दारातनं बघायची."

नानासो, मी तिला कधी काही शिकवलं नाही. ती दारात उभी असते हेही मला माहीत नव्हतं. मी तंबाखू थुंकायच्या निमित्तानं बाहेर गेलो. आत आलो तेव्हा कपिल म्हणत होता, "आमच्याकडं कामाला या की, असं मानूस शोधून मिळंना झालंय." तिचा चेहरा असा खुलला होता की लग्नातसुद्धा बघितला नव्हता. आणि मी काय बोलावं? "आमच्या घरातल्या बायका दुकानात बसत न्हाईत." तिनं विचारलं नव्हतं, कपिलनं मला विचारलं नव्हतं, तरी मी उत्तर देऊन मोकळा. सांगली ते कराड ती खिडकीतून बाहेर बघत आली.

घरी आल्यावर तिनं मला बॅटरी धरायला सांगितली. "मामा, हिकडं धरा. हलू नका." लग्नाला अडीच वर्षं झाली, मला सांगितलेलं हे तिचं पहिलं काम. हवालदार म्हणून मी पन्नास जणांना हुकूम सोडलेले, पण त्या दिवशी पाऊण तास पुतळ्यासारखा उभा राहिलो. दातऱ्यांखाली एक पांढरं मलम लावतात. ते मला चुन्यासारखं दिसलं, म्हणून मदत व्हावी या हेतूनं मी माझी डबी पुढं केली. तिनं ती मिटून माझ्या खिशात परत घातली. मग मलम लावलं, दातरा बसवला, खटका दाबला, वायर जोडली, बटण लावलं. काहीच आवाज नाही. मी कपाळाला हात लावला, म्हटलं, "गेलं! संपलं!" तेव्हा ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "मामा, चालू हाय. आवाज गेलाय न्हवं का." पडद्यावर नववीचं बीजगणित उभं होतं. पेपर वेळेवर गेले, नववी नापास झाली, आकाराम सरांचा चहा पुन्हा सुरू झाला.

यंत्रं खोलणारी माणसं मी पुष्कळ बघितली, मोठमोठे उस्ताद बघितले. अशी बोटं आणि असा धीर बघितला नाही. तिचं घोडं सांगलीत धावणार असेल तर मी लगाम धरणारा कोण? आनंदच आहे. इतकंच कळवायचं होतं. विहीणबाईंनी लोणचं पाठवलं ते उत्तम मुरलं आहे.

आपल्या हळदीचा अपराधी,
हंबीरराव

ता. क. : लिहायचं राहिलं. यंत्र काल पुन्हा बिघडलं. भयंकर घरघर, धूरही आल्यासारखा वाटला. दुसऱ्या कुणाच्या हातचं काम नाही. तरी शिवांजलीला मिळेल त्या एस. टी.नं पाठवून द्यावं.

ता. क. दुसरा : वरचा ता. क. खोटा आहे. यंत्र ठणठणीत आहे. पत्र मनुबाईला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "आवं, खोटं बोलून लेकराला बोलवताय व्हय? चुकलायसा, तर चुकलो म्हणून लिवा की." तर लिहितो. मी चुकलो. हळद टाकली, तेल घातलं, त्यापेक्षा दुकानात जे बोललो ते वाईट झालं. ढेबेवाडी रस्त्याची खोली मी रिकामी केली आहे, भिंतींना दोन हात चुना दिला आहे, वीज घेतली आहे. दारावर पाटी लावली आहे, तिच्यावर नाव फक्त शिवांजलीचं आहे. (पेंटरनं खाली 'मालक : हंबीरराव' लिहिलं होतं, ते मी स्वतः खरवडलं.) तिला एकदा विचारावं. आग्रह करू नये. सांगलीतच बरं वाटत असेल तर खुशाल राहावं, पण घर फार ओकं झालंय हे तिच्या कानावर घालावं.

ता. क. शेवटचा : नाहीच म्हणाली, तर कॉम्प्युटर तिच्याकडंच पाहिजे. तो तिचा आहे. फक्त न्यायला तिनं स्वतः यावं लागेल. मागं सहा वायरी आहेत, आणि त्यातल्या एकीलाही हात लावणार नाही अशी शपथ मनुबाईनं माझ्याकडून घेतली आहे.