मधोमध बसलेलं पातं

ती. दादा,

नमस्कार मागाहून घालीन, आधी हे सांग, व्याह्यांच्या देखत माझा घडीचा चाकू दिव्यासमोर धरून "बघा, पातं कसं एका अंगाला झुकलंय, आमच्या बाईसाहेबांना घाई फार" असं म्हणायचं तुला काय नडलं होतं? त्याआधी व्याही त्याच चाकूनं सफरचंद कापत होते. चाकू लोण्यासारखा चालत होता. मिटल्यावर तो आत कुठल्या कुशीवर निजतो याच्याशी त्यांना काय देणंघेणं? वर म्हणालास, असल्या चाकूवर बाबांच्या नावाचा ठसा उठू देणार नाही. दादा, बाबांच्या मागे कारखाना मी चालवते, कानस माझ्या हातात, धूळ माझ्या नाकात, आणि ठसा तुझ्या कपाटात वहिनींच्या शालींखाली. बिननावाची पोरं बाजारात पाठवल्यासारखे चाकू पाठवते मी. असो. नमस्कार. कंबर कशी आहे? वहिनींचा खोकला गेला का? इकडे सगळे ठीक, एक मी सोडून.

तर घरी आले ती चप्पल न काढताच चाकू खोलायला बसले. पातं खरंच मुठीच्या डाव्या पट्टीला घासत होतं. (खोटं बोलणार नाही, पण तुझ्यासमोर कबूलही केलं नसतं.) आधी वाटलं, पातं ज्यावर फिरतं तो स्क्रू जास्त आवळलाय. सैल केला, तर पातं मधे आलं खरं, पण तुझ्या मेहुण्यांच्या दाढेसारखं हलायला लागलं. पुन्हा आवळला, पुन्हा डावीकडे. मग स्क्रूवरचे पितळी वायसर, त्या बारीक चकत्या, बदलले, इकडचा तिकडे, तिकडचा इकडे. काही नाही. ह्यांनी खुर्चीतून न उठता सल्ला दिला, "एका बाजूला कागदाची चकती घाल, कोण बघतंय!" घातली. पातं सरळ! मी जग जिंकलं. मग चाकूनं टोमॅटो चिरला, धुतला, कागदाचा लगदा झाला आणि पातं परत आपल्या माहेरी. तेव्हापासून ह्यांचे सल्ले बंद आहेत. घरात शांतता आहे.

मग संशय पात्यावर. तापवून पाणी देताना वाकलं असेल म्हणून सपाट काचेवर ठेवून बघायचं ठरवलं. घरात सपाट काच एकच, दाढीचा आरसा, आणि त्यापुढे हे, अर्ध्या गालाला साबण. मी आरसा काढून घेतला. (मागितला असता तर "का" विचारलं असतं, आणि मला का सांगत बसायला वेळ नसतो.) पातं काचेवर असं चिकटून बसलं की खालून केस जाईना. पातं निर्दोष! हे तसेच एका गालाची दाढी घेऊन कामाला गेले. संध्याकाळी म्हणाले, कुणी काही बोललं नाही. म्हणजे लोक किती बघतात ते बघ, तूच एक दिवा घेऊन फिरतोस.

शेवटी राहिली मूठ. तिच्या पट्ट्या मी नव्या केल्या नव्हत्या, फळीवर भोकं पाडून तयार पडलेल्या होत्या, त्याच वापरल्या होत्या (मला वस्तू वाया गेलेली खपत नाही). स्क्रूच्या भोकात सरळ सळई घातली, बाजूला काटकोन बघायचा गुण्या लावला, आणि गुण्या नि सळईच्या मधून ही एवढी उजेडाची फट! भोकच तिरकं. आता त्यावर कुणी कितीही वायसर घालो, तिरक्या खुंटीवर टोपी सरळ कशी राहील? शाळेनं मला लवकर सोडलं, पण एवढं मला कळतं.

मग नव्या पट्ट्या कापल्या, दोन्ही एकत्र क्लॅम्पमधे धरल्या, ड्रिलचं टेबल गुण्यानं तपासलं आणि एकाच दमात भोक पाडलं. बाबांच्या नियमाप्रमाणे आतल्या अंगाला माझं टिंब कोरलं (भोक ज्याचं, खूण त्याची, म्हणजे पुढे भांडण नको). जोडला, मिटला. टक्क! दादा, काय तो आवाज! पातं दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मधोमध, आई आणि बायको यांच्यामधे शहाणा नवरा उभा राहतो तसं, कुणालाच न टेकता. मी तो इतक्यांदा उघडला-मिटला की ह्यांनी कानात कापूस घातला. असा चाकू तुझ्या हातून झाला नाही, आणि बाबांच्या हातूनही रोज होत नव्हता. लिहिते ते लिहितेच.

तुझी धाकटी बहीण

ता. क. तो चाकू सोबत पाठवला आहे. व्याह्यांना बोलाव, दिवा लाव, धर समोर.

ता. क. आणखी. जुन्या पट्ट्याही पुडक्यात आहेत. तू नोकरीसाठी कारखाना सोडून गेलास तेव्हापासून त्या फळीवर होत्या. डाव्या पट्टीच्या आत, भोकाशेजारी बघ. टिंब नाही. फुली आहे. फुली कुणाची, हे वहिनींना मी अजून सांगितलेलं नाही.

ता. क. शेवटचं. बाबांचा ठसा सोमवारपर्यंत माझ्या हातात हवा. पाठवतोस की नाही ते उलट टपाली कळव. उत्तर आलं नाही, तर मंगळवारी मी व्याह्यांकडे चहाला जाते आहे. तसल्या फुलीची आणखी एक जोडी फळीवर सापडली आहे, ती घेऊन.