मागच्या बाकावरची

अण्णा, आज वेल्ह्याच्या गाडीला बाई कंडक्टर होती. तुम्ही असता तर टोपी सारखी करून म्हणाला असतात, "बरं झालं, आता तरी पोरं दांड्याला लोंबकळायची न्हाईत." तिच्या हातात मशीन होतं. बटण दाबलं की कागदाची पट्टी बाहेर येते. तुमच्या चिमट्यासारखा तिकिटाला भोक पाडल्याचा आवाज नाही, काही नाही. मला ती गाडी मुकीच वाटते अजून. तर त्या बाईनं मला नेहमीचंच एक विचारलं, आणि मी जे उत्तर दिलं, त्यावर ती जे बोलली, त्यापायी घरी येऊन चपला काढायच्या आधी हे लिहायला बसले. काय उत्तर दिलं ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर पुढचं ऐकायचा नाहीत, तुमचा स्वभाव मला माहीत आहे.

मी आता वेल्ह्याच्या बाजूला अंगणवाडी चालवते. पोरांना गोष्ट सांगत नाही, त्यांच्याकडून वदवून घेते. गाडी सुटली म्हणायचं आणि एकेकाला विचारायचं, "तुम्हाला कुठं जायचंय?" नव्या बाया शिकायला येतात. त्या आधी राजाचा मुकुट सांगतात, राणीचे केस सांगतात, आणि पोरं नाकात बोटं घालून बसतात. मी त्यांना म्हणते, अगं, तो दिसतो कसा ते राहू दे, तिकीट कसं मागतो ते सांग. त्यांना वाटतं ही माझी हुशारी. माझी कसली डोंबलाची! तुम्ही शिकवलंत. कशासाठी शिकवलंत ते मात्र मला फार उशिरा कळलं.

आपली भोरची खोली मला दिसते आहे. एक दार, एक खिडकी, खिडकीखाली पत्र्याची ट्रंक, चूल दाराबाहेर. तिन्हीसांजेला लाईट जाते. बुद्धांच्या तसबिरीपुढची मेणबत्ती आई उचलून मधोमध ठेवते. तुम्ही ड्युटीवरून येऊन, हातपाय धुऊन पलंगावर बसता आणि पलंगाच्या लोखंडी कडेवर दोनदा वाजवता. टण टण. डबल बेल. तुम्ही कंडक्टर आणि उरलेली सगळी गाडी मी. "धोतर, पागोटं काय बी सांगायचं न्हाई," तुम्ही म्हणता. "निस्तं बोलायचं. मी वळखतो." मग मी बोलायची आणि तुम्ही ओळखायचात. तुम्हीच दिवसा गाडीतून गोळा करून आणलेली माणसं होती ती. गाडी रिकामी असली तरी "बसू का?" विचारल्याशिवाय न टेकणारे बांगडीवाले चाचा. गर्दीत ओठातल्या ओठात "जयभीम" घालणारे आणि गाडी मोकळी झाली की तेच दणक्यात म्हणणारे गुरुजी. गाव धरणात जायचं बोलणं सुरू झाल्यापासून "अजून हाय तवर गुंजवणं द्या" म्हणणारा म्हातारा. त्याचं एवढं एक वाक्य, पण त्याचं घर, त्याची खाचरं, सगळं मला दिसायचं. तो कुठं उतरेल, उतरल्यावर त्याला कोण भेटेल, हे मी ठरवायचं. तुम्ही नुसतं विचारत जायचात आणि मी काहीही सांगितलं तरी म्हणायचात, "आसंल बाबा."

आणि मग एका संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "आज मागच्या बाकावर एक पोरगी बसलीय. तिचं बोल."

मी झटकन बोलले, "एक हाफ, वेल्हं."

"न्हाई," तुम्ही म्हणालात. "ती तिकीट न्हाई मागत. ती आदी खिडकी मागती."

मला नवलच वाटलं. म्हाताऱ्याला मी मुंबईला पोचवलं तरी चालायचं, आणि हिची एवढी चिकित्सा? पण मी ट्रंकेवर चढून खिडकीशी बसले आणि म्हटलं, "मला खिडकी." मेणबत्तीच्या उजेडात तुमचा चेहरा असा काही मऊ झाला की मला फार आवडलं. तेवढ्यात आई उठून चुलीकडे गेली. भाकरी झाली होती, चूल विझली होती, तरी गेली.

मग रोजच ती पोरगी गाडीत यायला लागली. एकदा नाही, दोनदा "व्हय व्हय" म्हणायची. प्रत्येक थांब्याला "आलं?" विचारायची, पण थांबा मागं पडल्यावर. रुसली की म्हणायची, "मी बोलतच न्हाई ज्जा," आणि लगेच बोलायची. माझं कुठं चुकलं तर तुम्ही हळूच म्हणायचात, "आसं न्हाई म्हनत ती." मी पुन्हा म्हणायची. बरोबर आलं की तुम्ही डोळे मिटून घ्यायचात. आणि उघडे असले तर माझ्याकडे बघायचा नाहीत. माझ्या खांद्याच्या जरा मागं, खिडकीच्या गजांकडे बघायचात. मला वाटायचं माझ्यामागं कुणी उभं आहे. मी वळून बघायची, बाहेर काळोखी बोळ, दुसरं काही नाही. पुढं पुढं मी वळून बघायचंच सोडलं, कारण वळले आणि खरंच कुणी असलं तर काय करायचं ते मला ठरवता येईना.

हळूहळू ती खेळ संपल्यावरही उतरेना. शाळेत बाईंनी हजेरी घेतली की माझ्या तोंडून "व्हय व्हय" जायचं, वर्ग खिदळायचा. आईनं दळण आणायला पाठवलं की मी म्हणायची, "मी बोलतच न्हाई ज्जा." आईनं एकदा पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. मारलं नाही, नुसता ठेवला. मी मात्र तुमच्या त्या मऊ चेहऱ्यासाठी रोज त्या ट्रंकेवर चढत होते. तुम्ही तसे दुसऱ्या कशानंच व्हायचा नाहीत. मी पहिला नंबर आणला तरी नाही.

मग ती संध्याकाळ. गाडी कापूरहोळ सोडून पुढं आली आहे. तुम्ही पहिल्यांदाच खाकी शर्टाच्या खिशातून खरीखुरी लिंबाची गोळी काढता आणि मागच्या बाकावरच्या पोरीपुढं धरता. मी गोळी घेते. आणि दुसरा हात पुढं करून म्हणते, "आन् बाळाला?"

अण्णा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. कुठलं बाळ, तेही मला ठाऊक नव्हतं. तोंडातून आलं एवढंच. तुमचा हात तसाच हवेत राहिला. आई चुलीपासून दारात येऊन उभी राहिली, उजेडात तिची नुसती पावलं दिसत होती.

"कुनी सांगितलं तुला?" तुम्ही विचारलंत.

मी म्हटलं, कुणीच नाही.

तुम्ही आईकडे बघितलंत. "म्या न्हाई सांगितलं," आई म्हणाली. "माज्या गळ्याची आन. म्या तिचं नावबी घेतलं न्हाई." तुम्ही उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलात. त्या दिवसापासून आपली गाडी बंद झाली.

नाव घेतलं नाही, हे मात्र माझ्या डोक्यात राहिलं. कुणाचं नाव? पुढच्या भातलावणीला उत्रोलीला आत्याकडे गेले होते, तेव्हा चिखलात वाकल्या वाकल्या मी तिला विचारलं. आत्यानं हातातली रोपं खाली ठेवली. "तुज्या आदी एक व्हती गं," ती म्हणाली. "लई बोलकी. बापाच्या गाडीत बसायची, खिडकीच पायजे. तू पोटात व्हतीस तवा काविळीनं गेली. तुज्या आईनं आन घातली सगळ्यांना, घरात नाव काडायचं न्हाई म्हनून. न्हाईतर आई जगलीच नसती." मग ती स्वतःशीच हसली. "कुनी काय बी दिलं की दुसरा हात फुडं करायची, म्हनायची, आन् बाळाला? आन् तुज्या आईच्या पोटाला तोंड लावून बोलत बसायची तुज्यासंगं. खिडकी माजी म्हनायची, तू मांडीवर बस."

भर पावसात माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे मला सांगितलं होतं तर कुणीतरी! तिनंच.

पण भीती ओसरली आणि राग आला, आणि तो राग मी वर्षानुवर्षं पोसला, खोटं कशाला सांगू. नाव घ्यायची बंदी होती, बोलण्याची नव्हती, म्हणून तुम्ही तिला बोलण्यातून परत आणलंत. हे मला कळत होतं. पण तिला आणायला तोंड माझं वापरलंत ना? घरी येऊन मी तुम्हाला तोंडावर विचारलं, "मी काय लाऊडस्पीकर हाय का?" तुम्ही चप्पल घालत होतात. म्हणालात, "जेवलीस का?" एवढंच. मला दुसरं काही नको होतं हो. एकदा, फक्त एकदा, तुम्ही तसा मऊ चेहरा करून माझ्याकडे बघावं, खांद्याच्या मागं नाही, माझ्याकडे. त्याच्यासाठी मी किती काय काय केलं, शिकले, नोकरी धरली. तुम्ही "बरं झालं" म्हणायचात आणि पेपर वाचायचात.

तुमच्या शेवटच्या दुखण्यात दुपारची उन्हं खिडकीतून पलंगावर आली आहेत. अन्न सुटलं आहे, डॉक्टर हात वर करून गेला आहे. शेजारपाजारचे येऊन बघून जातात आणि दाराबाहेर कुजबुजतात की जीव कशात तरी अडकलाय. तुम्ही गाडीत आहात. "फुडं सरका, फुडं सरका," म्हणता. "कोन ऱ्हायलंय तिकिटाचं?" सगळ्यांची तिकिटं झाल्याशिवाय तुम्ही कधी डबल बेल दिली नाहीत, आणि आता एक तिकीट राहिलं आहे. "मागं कोन हाय?" तुम्ही विचारता. पुन्हा विचारता, "मागं कोन हाय?" डोळे खिडकीकडे.

मी ओठ घट्ट मिटून बसले होते. मला माझं नाव सांगायचं होतं. मी आहे अण्णा, मी, जी उरली ती.

तेव्हा आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. जिनं आयुष्यात तो खेळ खेळला नाही, त्या माझ्या आईनं. "बोल गं," ती म्हणाली. "ती बोलल्याबिगर गाडी हलायची न्हाई."

मी उठून ट्रंकेवर जाऊन बसले. एवढी थोरली बाई, गुडघे पोटाशी घेऊन. म्हटलं, "मला खिडकी."

"बस, बाळा," तुम्ही म्हणालात. आवाज अगदी नेहमीचा, खणखणीत. तुमची बोटं शर्टाच्या रिकाम्या खिशाशी गेली, काहीतरी चिमटीत धरून बाहेर आली. मी जवळ जाऊन हात पसरला. त्या नसलेल्या गोळीचा गारवा मला तळहातावर लागला, अण्णा, मी शपथेवर सांगते. तुम्ही माझ्या खांद्यामागं बघत होतात. आणि माझा दुसरा हात आपोआप पुढं झाला. माझाच वाटा मला मागायचा होता, आणि तो तिच्या तोंडानं.

"आन् बाळाला?"

तुमचे डोळे हलले. खिडकीवरून निघाले, माझ्या खांद्यावर आले, आणि मग माझ्या चेहऱ्यावर. सरळ माझ्याकडे बघितलंत तुम्ही. तोच चेहरा, मेणबत्तीच्या उजेडातला.

"बाळाची ठिवलीय की," म्हणालात. "बाळाला कशी इसरंन?" आणि दुसऱ्या हातावरही ठेवलीत. मग पलंगाच्या कडेवर दोनदा वाजवलंत. आईनं तुमचे डोळे मिटले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या मोठ्या लेकीचं नाव मोठ्यानं घेऊन रडली. मी दोन्ही मुठी आवळून बसले होते. लोक मला मुठी उघड म्हणत होते, मी उघडेना.

राग तिथंच संपला. आता तुम्हाला सगळं सांगून झालं, आणि हे कागद काही कुठं जायचे नाहीत, ट्रंकेत पडतील. ती खिडकीखालचीच ट्रंक, मी माझ्याकडे आणली आहे. राहिलं ते आजचं. कंडक्टरबाईनं मला विचारलं, "किती?" आणि मी नेहमी म्हणते तेच म्हटलं, "एक फुल, एक हाफ." एरवी हे कंडक्टर लोक न बघता तिकिटं फाडून देतात. हिनं मात्र मान वर करून माझ्या पलीकडं, खिडकीशी बघितलं. मी खिडकीला कधीच बसत नाही. मला वाटलं आता विचारेल, पोर कुठं आहे म्हणून. तिनं विचारलं नाही. जरा हसली आणि खिडकीकडे बघून म्हणाली, "डोकं बाहेर काडू नको हां बाळा," आणि मशीनमधून एक फुल, एक हाफ काढून माझ्या हातात दिलं.