हळद अमरच्या हाताने

मी, रंजीता पत्रू मांढरे, वय एकोणीस पूर्ण, राहणार मौजे चिखलटोली, तालुका सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं शाबूत आहे. डावा पाय मांडीपासून कापला आहे आणि हाडाचा कॅन्सर छातीत उतरला आहे, पण मृत्युपत्राला डोकं पुरतं, असं मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, म्हणाले. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. कुणी आणला असता तर कुबडी जवळच आहे.

१. मी विणलेलं फेकजाळं आई कमळा हिला द्यावं. तिने माझ्यामागे तळ्यावर जायचं सोडू नये. रडायचंच तर पाण्यात उभं राहून रडावं, तिथे कुणी विचारत नाही.

२. अमरने कॉलेजातून आणलेली प्रेमाची कादंबरी परत करावी. तिच्यातली मुलगी माझ्याच दुखण्याने मरते, पण पांढऱ्या चादरीवर, केस विंचरून, हसत. मला केस नाहीत. कळ आली की मी आईच्या मनगटाला चावते, तिथे माझे दात उमटले आहेत. रागाने शेवटची सात पानं मी चुलीत घातली. ग्रंथपालांनी अमरवर ओरडू नये.

३. अमर धनराज बोरकुटे याच्याबद्दल. गेल्या आषाढात, माझा पाय कापल्यावर, तो आमच्या दारात लग्नाचं विचारायला आला. माझा भाऊ प्रफुल म्हणाला, "मरत्या पोरीची मस्करी करून राह्यला काय बे?"

अमर म्हणाला, "नाई भाऊ. जेवढे दिस हायेत तेवढे मले द्या."

प्रफुलने त्याला फरफटत तळ्याच्या पाळीवर नेलं, उजवा हात दगडावर दाबला आणि कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने ठेचला. चार घाव. मी एका पायावर पोचले तेव्हा चौथा पडत होता. मी कुबडी प्रफुलच्या कपाळावर घातली. पाच टाके पडले. ती खूण त्याच्याकडेच राहील, वाटणीत धरू नये.

दवाखान्यात अमरने सांगितलं की हात मळणीयंत्रात गेला. मीही हो म्हणाले. धानाच्या रोवणीच्या दिवसांत मळणी कुठली, हे कुणी विचारलं नाही. ते खोटं मी इथे मागे घेते.

४. ती कुऱ्हाड, वाळलेल्या रक्तासकट, मोठीआई प्रेमिला हिच्या ताब्यात आहे. माझ्या मयतीला अमर येणार. प्रफुल गावभर सांगत फिरतो की आला तर या वेळी धारेच्या बाजूने हाणीन. त्याने अमरला बोट जरी लावलं, तरी कुऱ्हाड आणि हा कागद पोलीस ठाण्यात द्यावा. भावावर माझा जीव आहे. तरीही द्यावा.

५. आमच्याकडे मढ्याला हळद लावतात. जिवंतपणी मला लागली नाही, म्हणून ती अमरनेच लावावी. त्याच्या उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत, हळद सांडेल. म्हणून प्रफुलने तो हात आपल्या हातात धरून माझ्या कपाळापासून उरलेल्या पायापर्यंत फिरवावा. त्याला हे जमेल. बाबांना वाघाने मारलं तेव्हा हळद लावायला चेहरा उरला नव्हता. सोळा वर्षांच्या प्रफुलने नुसत्या पावलांना हळद लावली आणि दुसऱ्या हाताने माझे डोळे झाकले होते.

इथवर लिहिलं आणि प्रफुल आत आला. मी वही लपवली नाही. त्याने उभ्यानेच वाचलं आणि माझ्या औषधांचं ताट लाथेने उडवलं. मग खाली बसून एकेक गोळी वेचत म्हणाला, "पोलिसाले दे, काई बी कर. पण त्याचा हात धराले मलेच काऊन सांगतं वं?"

मी म्हटलं, "तूच मोडला ना, दादा."

तो पुष्कळ वेळ गोळ्या वेचत राहिला. एक चुलीखाली गेली होती, तीही काढली, शर्टाला पुसली. मग म्हणाला, "सही कुठी करू?"

वरील सगळं मी शुद्धीत लिहिलं, परत वाचलं. काही खोडायचं नाही.

ठिकाण: चिखलटोली
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

सही: रंजीता पत्रू मांढरे

साक्षीदार १: मनसाराम मांढरे, मोठेबाबा

साक्षीदार २: प्रफुल पत्रू मांढरे. पाचवं कलम कबूल. अमरले आणाले मीच जातो.